सरासरीने न सुटणारे गणित : नैसर्गिक शीतकांच्या मिश्रणांचे मोजमाप

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी म्हटले की पूर्वी डोळ्यांसमोर येत ते यंत्रमाग. मागांचा तो खडखडाट आजही थांबलेला नाही. परंतु मुंबई-नाशिक महामार्गाच्या आणि ठाणे-भिवंडी जुन्या रस्त्याच्या आसपास, मानकोली, दापोडे, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ या गावांच्या शिवारांत, गेल्या काही दशकांत गोदामांची जी विशाल वसाहत उभी राहिली, तिने या शहराची ओळख पालटून टाकली आहे. देशभर विकावयाचा माल येथे उतरतो, साठतो आणि पुन्हा मार्गस्थ होतो. या गोदामांत काही शीतगोदामेही आहेत. औषधे आणि लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात; गोठविलेली मासळी, मटार, आइस्क्रीम यांना उणे १८ अंश किंवा त्याहून कमी तापमान लागते. बाहेर एप्रिल-मेची दुपार ३५ अंशांच्या वर गेलेली असताना आत हिमालयातील हिवाळा राखावयाचा, असा हा व्यवहार आहे.

हा हिवाळा निर्माण करणारा पदार्थ म्हणजे शीतक. गोदामात काम करणारे कारागीर त्याला नुसते ‘गॅस’ म्हणतात. शीतक थंड खोलीतील नळ्यांमध्ये उकळते आणि उकळताना भोवतालची उष्णता शोषून घेते. मग कॉम्प्रेसर त्याच्या वाफेला दाबून तिचा दाब व तापमान वाढवितो. ही तप्त वाफ कंडेन्सरमध्ये आपली उष्णता बाहेरच्या हवेला किंवा पाण्याला देऊन पुन्हा द्रवरूप होते, आणि एका अरुंद झडपेतून दाब उतरवून परत खोलीकडे जाते. हे चक्र अहोरात्र चालते. शीतगोदामाच्या विजेच्या देयकातील सर्वांत मोठा आकडा बहुतेक या कॉम्प्रेसरचा असतो. तेव्हा कोणते शीतक वापरावे, हा प्रश्न केवळ रसायनशास्त्राचा राहत नाही. शेतकऱ्याचा माल किती खर्चात टिकतो, याच्याशी तो थेट निगडित आहे.

जुनेच पाहुणे, नव्या निमंत्रणाने

एकोणिसाव्या शतकात यांत्रिक शीतकरणाचा आरंभ झाला तेव्हा अमोनिया, कार्बन डायऑक्साइड यांसारखे निसर्गात आढळणारे पदार्थच शीतके म्हणून वापरले जात. त्यांतील कोणी विषारी, कोणी ज्वालाग्राही, तर कोणी अतिशय उच्च दाब मागणारे. १९३० च्या सुमारास क्लोरोफ्लुओरोकार्बन, म्हणजे सीएफसी, या कृत्रिम संयुगांचा शोध लागला आणि घराघरांत निर्धोक वाटणारा रेफ्रिजरेटर आला. १९७४ साली रोलंड आणि मोलिना या शास्त्रज्ञांनी हीच संयुगे वातावरणातील ओझोनच्या थराला पोखरू शकतील असे दाखवून दिले. १९८७ साली मॉन्ट्रिएल करार झाला व १९९२ साली भारत त्यात सहभागी झाला.

सीएफसींच्या जागी शेवटी हायड्रोफ्लुओरोकार्बन, म्हणजे एचएफसी, आली. ही ओझोनला धक्का लावीत नाहीत. परंतु पृथ्वीची उष्णता अडवून धरण्यात ती भलतीच तरबेज आहेत. शीतगोदामांत वापरले जाणारे आर-४०४ए हे शीतक एक किलो गळाले तर शंभर वर्षांच्या हिशेबाने ते सुमारे ३,९०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडविते. २०१६ साली मॉन्ट्रिएल करारात किगाली येथे दुरुस्ती करण्यात आली आणि २०२१ साली भारताने तिला मान्यता दिली. त्यानुसार आपल्या देशाने एचएफसींचा वापर २०२८ साली गोठवावयाचा आहे. मग २०३२ पर्यंत १०, २०३७ पर्यंत २०, २०४२ पर्यंत ३० आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के कपात करावयाची आहे. शीतगोदामाची यंत्रसामग्री वीस-पंचवीस वर्षे चालते, हे लक्षात घेतल्यास आज बसविलेले यंत्र या कपातीच्या ऐन मध्यावर काम करीत असणार, हे उघड आहे.

त्यामुळे जगभर पुन्हा जुन्या, नैसर्गिक शीतकांकडे दृष्टी वळली आहे. अमोनिया तर आपल्याकडे कधी गेलाच नव्हता. भारतातील मोठी शीतगृहे बहुतांशी त्याच्यावरच चालतात. त्याच्या जोडीला प्रोपेन, आयसोब्युटेन व कार्बन डायऑक्साइड यांचा विचार होत आहे. यांपैकी एकही सर्वगुणसंपन्न नाही. अमोनिया एक किलोमागे भरपूर उष्णता शोषतो. शून्य अंशाला एक किलो अमोनियाची वाफ होताना सुमारे १,२६० किलोज्यूल उष्णता लागते, तर प्रोपेनला सुमारे ३७५. पण अमोनिया विषारी आहे आणि तांब्याला तो खातो. प्रोपेनचे गुण जुन्या आर-२२ शी बरेच जुळतात. मात्र हवेत त्याचे प्रमाण सुमारे २ टक्के झाले की ठिणगी पुरते. आयसोब्युटेन कमी दाबावर चालतो, म्हणून घरगुती रेफ्रिजरेटरला उत्तम. परंतु मोठ्या कामाला त्याचा कॉम्प्रेसर फार मोठा लागतो. आणि कार्बन डायऑक्साइड जळत नाही, स्वस्त आहे, पण त्याच्या बाबतीत भिवंडीच्या हवेशीच गाठ पडते.

ही गाठ थोडी समजावून घ्यावयास हवी. प्रत्येक पदार्थाला एक क्रांतिक तापमान असते. त्याच्या वर कितीही दाब दिला तरी त्या पदार्थाचा द्रव होत नाही. अमोनियाचे हे तापमान १३२ अंशांच्या, प्रोपेनचे ९७ अंशांच्या आसपास आहे. कार्बन डायऑक्साइडचे मात्र अवघे ३१ अंश, आणि त्या ठिकाणी त्याचा दाब जवळजवळ ७४ बार असतो. युरोपच्या उत्तर भागात वर्षातील बहुतेक दिवस हवा ३१ अंशांच्या खाली असते. तेथे कंडेन्सरमध्ये हा वायू सुखेनैव द्रव होतो. भिवंडीत कंडेन्सरला हवेपेक्षा दहा-एक अंश जास्त तापमानावर काम करावे लागते. म्हणजे येथे वर्षाचा बराच काळ कार्बन डायऑक्साइड द्रव होण्यास तयार नसतो. यंत्राला मग ९०-१०० बार दाबावर, निराळ्या पद्धतीने चालवावे लागते आणि वीज जास्त लागते. शीतकाच्या निवडीत भूगोल असा आडवा येतो.

मिश्रणाची कल्पना

एकट्याने जे साधत नाही ते दोघांनी मिळून साधेल काय, असा विचार मनुष्य करणारच. कार्बन डायऑक्साइडमध्ये प्रोपेन मिसळल्यास मिश्रणाचे क्रांतिक तापमान वर सरकते आणि दाब उतरतो. उलट बाजूने पाहिले तर प्रोपेनमध्ये कार्बन डायऑक्साइड मिसळल्याने त्याची ज्वालाग्राहिता मंदावते. अमोनियात डायमिथिल ईथर मिसळून केलेले, वजनाने ६० व ४० टक्क्यांचे, आर-७२३ नावाचे मिश्रण आहे; त्यामुळे कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या वाफेचे तापमान उतरते आणि वंगणाशी तिचे अधिक चांगले जमते.

मिश्रणाचा सर्वांत गाजलेला प्रयोग जर्मनीत झाला. डॉर्टमुंड येथील आरोग्य संस्थेतील वैज्ञानिकांनी प्रोपेन व आयसोब्युटेन यांच्या मिश्रणावर चालणारा रेफ्रिजरेटर तयार केला होता. ग्रीनपीस या संघटनेच्या पुढाकाराने पूर्वीच्या पूर्व जर्मनीतील शार्फेनस्टाइन येथील कारखान्याने १९९३ पासून त्याचे उत्पादन सुरू केले. मिश्रणच का, याचे कारण मोठे व्यावहारिक आहे. शून्य अंशाला प्रोपेनचा बाष्पदाब सुमारे ४.७ बार असतो, आयसोब्युटेनचा सुमारे १.६ बार. दोघांचे रेणू समसमान घेतले तर द्रवावरील दाब ३.१ बारच्या जवळपास येतो; आणि जुन्या सीएफसी-१२ चा दाबही त्या तापमानाला तेवढाच असतो. तेव्हा कारखान्यातील कॉम्प्रेसर बदलावयाची गरज उरली नाही. पुढे आयसोब्युटेनला साजेसे कॉम्प्रेसर उपलब्ध झाले आणि घरगुती रेफ्रिजरेटर एकट्या आयसोब्युटेनवर चालू लागले. भारतातही सीएफसी-१२ वर चालणाऱ्या जुन्या उपकरणांसाठी याच दोन वायूंचे मिश्रण वापरण्यात आले.

आता याच उदाहरणातील आकडे थोडे पुढे नेऊ. द्रवात दोन्ही वायू निम्मे-निम्मे आहेत. मग वरच्या वाफेतही ते निम्मे-निम्मे असतील, असे कोणालाही वाटेल. तसे नसते. प्रोपेन अधिक उतावळा, म्हणून वाफेत त्याचा वाटा जवळजवळ तीन-चतुर्थांश असतो. मिश्रण उकळू लागले की आधी प्रोपेन पुढे सुटतो, द्रवात आयसोब्युटेन उरत जातो आणि उकळण्याचे तापमान हळूहळू चढत जाते. या मिश्रणात ही चढण सात-आठ अंशांची आहे. कार्बन डायऑक्साइड व प्रोपेन यांच्या काही मिश्रणांत ती वीस अंशांच्याही पुढे जाते. वाहते पाणी थंड करावयाचे असेल तर ही चढण उपकारक ठरते, कारण पाण्याचे तापमानही नळीच्या लांबीबरोबर बदलत असते. उणे १८ अंशांवर स्थिर ठेवावयाच्या खोलीत मात्र तीच डोकेदुखी होते. कॉइलचे एक टोक फाजील थंड होऊन त्यावर बर्फ साचतो, दुसरे टोक आळशासारखे बसून राहते.

सरासरी कोठे चुकते?

प्रोपेन आणि आयसोब्युटेन हे एकाच कुळातील. त्यांच्या बाबतीत फ्रेंच शास्त्रज्ञ राऊल्ट यांचा साधा नियम बऱ्याच अंशी लागू पडतो व आकडेमोड कागदावर जमून जाते. हे पाहून एखाद्याला वाटेल की शुद्ध पदार्थांचे गुणधर्म तर पुस्तकात छापलेलेच आहेत. प्रमाणानुसार सरासरी काढली की काम झाले. ही समजूत किती धोक्याची आहे, हे दाखविणारे एक उदाहरण मला विशेष वाटते. ईथेनचे क्रांतिक तापमान ३२ अंश, कार्बन डायऑक्साइडचे ३१ अंश. सरासरीचा माणूस सांगेल की या दोहोंच्या मिश्रणाचे क्रांतिक तापमान साडेएकतीस अंश असणार. प्रत्यक्षात विशिष्ट प्रमाणात मिसळल्यास ते २० अंशांच्याही खाली उतरते! शिवाय सुमारे दोन भाग कार्बन डायऑक्साइड व एक भाग ईथेन असे प्रमाण जवळ आले की द्रव आणि वाफ यांचे घटकप्रमाण एकच होते, आणि मिश्रणाचा दाब दोन्ही शुद्ध घटकांच्या दाबाहून अधिक भरतो. अशा मिश्रणाला स्थिरक्वथनी मिश्रण म्हणतात. ईथेनच्या जागी त्याच कुळातील प्रोपेन घेतला की चित्र पुन्हा पालटते; तेथे असे स्थिरक्वथनी प्रमाण आढळत नाही.

याचे कारण रेणूंच्या परस्परसंबंधांत आहे. कार्बन डायऑक्साइडचा रेणू स्वजातीयांशी ज्या ओढीने राहतो तेवढी ओढ त्याला हायड्रोकार्बनविषयी नसते. दोन निरनिराळ्या जातींच्या रेणूंमधील ही ओढ शुद्ध पदार्थांच्या कोष्टकात कोठेही लिहिलेली नसते, कारण शुद्ध पदार्थात दुसरा पक्ष उपस्थितच नसतो. ती समजण्याचा भरवशाचा मार्ग एकच : मिश्रण करावे आणि मोजावे.

प्रयोगशाळेत काय मोजतात?

शीतयंत्राच्या रचनाकाराला प्रामुख्याने पाच-सहा गोष्टी हव्या असतात : कोणत्या तापमानाला व दाबाला द्रव आणि वाफ यांचे घटकप्रमाण काय असते, दोहोंची घनता, उष्णता धारण करण्याची व बाष्प होताना शोषण्याची शक्ती, श्यानता म्हणजे वाहण्यास होणारा अंतर्गत विरोध, उष्णतासंवाहकता आणि पृष्ठताण. या सर्वांना मिळून उष्माभौतिक गुणधर्म असे भारदस्त नाव आहे.

यांतील पहिले मोजमाप सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत किचकट. त्यासाठी पोलादाचे एक लहानसे जाड भिंतींचे पात्र घेतात. आत पाहता यावे म्हणून त्याला नीलमणी स्फटिकाच्या खिडक्या बसविलेल्या असतात. साधी काच हा दाब सोसू शकत नाही. पात्रातील हवा निर्वात पंपाने पूर्णपणे काढून टाकतात, मग दोन्ही वायू मोजून आत सोडतात. पात्र एका द्रवस्नानात बुडविलेले असते आणि त्या स्नानाचे तापमान अंशाच्या शतांशापर्यंत स्थिर राखले जाते. ढवळणी किंवा पंप चालवून द्रव आणि वाफ यांची दीर्घकाळ गाठ घालून देतात. दाब बदलावयाचा थांबला की समतोल साधला असे समजतात. येथवर केवळ धीराचे काम झाले. खरे कौशल्य पुढे आहे. द्रवाचा एक थेंब आणि वाफेचा एक कण, समतोल न बिघडविता, अगदी सूक्ष्म प्रमाणात बाहेर काढून वायुवर्णलेखन यंत्राकडे पाठवावयाचे. नमुना थोडा जास्त घेतला तरी दाब पडतो, द्रव पुन्हा उकळू लागतो आणि वाचलेला आकडा त्या अवस्थेचा राहत नाही. नमुना नेणारी नळी किंचित थंड राहिली तर वाफेतील जड घटक वाटेतच द्रव होऊन बसतो. एका तापमानाला, वेगवेगळ्या प्रमाणांसाठी, दहा-बारा बिंदू असे मिळवावे लागतात. मग तापमान बदलून पुन्हा तेच सारे.

इतकी काटेकोर निगा कशासाठी, अशी शंका येणे साहजिक आहे. २५ अंशांच्या आसपास प्रोपेनचा बाष्पदाब प्रत्येक अंशामागे सुमारे अडीच टक्के वाढतो. तापमापकाने अंशाच्या दशांशाची चूक केली तर दाबात पाव टक्का चूक आली. ऐकावयास ती क्षुल्लक वाटते. परंतु या आकड्यांवरूनच पुढे उष्णता, घनता, कॉम्प्रेसरचे आकारमान असे सर्व काही काढावयाचे असते आणि चूक वाढत जाते. म्हणून प्लॅटिनमच्या तारेचे तापमापक वापरतात आणि त्यांची पडताळणी पाण्याच्या त्रिक बिंदूशी, ०.०१ अंश या निश्चित तापमानाशी, केली जाते.

घनता मोजण्याची रीत मला सर्वांत रंजक वाटली. इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची पोकळ धातूची नळी मिश्रणाने भरून तिला कंप पावू देतात. तंबोऱ्याची तार जड असेल तर स्वर उतरतो, हे आपण जाणतोच; तसेच नळीतील द्रव जितका दाट तितका तिचा कंप मंद. कंपाचा काल अचूक मोजला की घनता कळते. आधी ही नळी पाण्यासारख्या ज्ञात पदार्थांनी भरून तिचा ‘सूर’ लावून घ्यावा लागतो. उष्णतासंवाहकतेसाठी केसाहूनही बारीक प्लॅटिनमची तार मिश्रणात ताणून तिच्यातून अल्पकाळ वीजप्रवाह सोडतात. तार किती वेगाने तापते, यावरून भोवतालचा पदार्थ उष्णता किती चपळाईने वाहून नेतो ते समजते. हे सारे साधारण एका सेकंदात उरकावे लागते, नाहीतर तापलेला द्रव वर चढू लागतो आणि संवाहकतेऐवजी प्रवाहच मोजला जातो.

मोजलेले आकडे जातात कोठे?

प्रत्येक प्रमाणाला, प्रत्येक तापमानाला मोजणे कोणालाही शक्य नाही. म्हणून मोजलेल्या बिंदूंवरून अवस्था-समीकरणे बसवितात. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात पेंग आणि रॉबिन्सन यांनी १९७६ साली मांडलेले समीकरण आजही सर्वत्र वापरले जाते. त्यात मिश्रणासाठी एक छोटा दुरुस्ती-अंक घालावा लागतो. दोन परजातीय रेणूंमधील ओढ म्हणजेच हा अंक, आणि तो मोजमापाखेरीज भरवशाने मिळत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेचा रेफप्रॉप हा संगणक-कार्यक्रम जगभरचे शीतयंत्र-रचनाकार वापरतात. त्याच्या पोटातही असेच मोजलेले आकडे आहेत. संगणकाच्या पडद्यावर पाच दशांश स्थळांपर्यंत उत्तर आले म्हणजे ते तितके अचूक आहे, असे मानण्याची घाई होऊ नये. ज्या पट्ट्यात कोणी मोजलेलेच नाही, तेथेही संगणक तितक्याच आत्मविश्वासाने उत्तर देतो.

कार्बन डायऑक्साइड व प्रोपेन यांच्या मिश्रणाचा इतिहास यादृष्टीने बोलका आहे. १९५१ साली अमेरिकेत रीमर, सेज आणि लेसी यांनी त्याची मोजमापे प्रसिद्ध केली, ती खनिज तेलाच्या उद्योगासाठी. शीतकरणाशी त्या वेळी त्यांचा काही संबंध नव्हता. २००५ साली दक्षिण कोरियातील संशोधकांनी उणे २० ते ५० अंश या पट्ट्यात तेच मिश्रण पुन्हा मोजले. यातील वरचे टोक आपल्या दृष्टीने मोलाचे आहे. भिवंडीच्या मे महिन्यात कंडेन्सर ज्या ४५-५० अंशांवर काम करतो, ती अवस्था या पट्ट्यात येते. थंड देशांत तापमानाच्या या टोकाचे आकडे क्वचितच कामी येतात. आपल्याकडे यंत्राची खरी कसोटी तेथेच लागते. क्रांतिक बिंदूच्या जवळ तर घनता व उष्णताधारकता तापमानाच्या किंचित फरकाने झपाट्याने बदलतात. तेथे दोन मोजलेल्या बिंदूंमधील अंतर अंदाजाने भरणे जोखमीचे असते.

महाराष्ट्रातील प्रयत्न

मिश्र शीतकांचा अभ्यास आपल्या राज्याला नवा नाही. पवई येथील आयआयटीत प्रा. नारायणखेडकर, प्रा. मिलिंद अत्रे आणि त्यांचे सहकारी यांनी नायट्रोजन व हायड्रोकार्बन यांची मिश्रणे वापरून अतिशीत तापमान गाठणाऱ्या लहान यंत्रांवर काम केले असून, ज्वालाग्राही व अज्वालाग्राही अशा दोन्ही प्रकारच्या मिश्रणांवरील त्यांचे प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाले. अशा यंत्रांच्या बाबतीत एक गोष्ट अनुभवास येते, ती शीतगोदामांनाही लागू आहे. यंत्रात भरलेले घटकप्रमाण आणि यंत्र चालू असताना प्रत्यक्ष फिरणारे घटकप्रमाण ही एक नसतात. जड घटक द्रवरूपाने कोठेतरी साचून राहतो, काही भाग वंगणात विरघळतो. म्हणजे प्रयोगशाळेत मोजलेल्या आकड्यांचा उपयोग करावयाचा तर चालू यंत्रातील मिश्रणही तपासावयास हवे.

दुसरा प्रयत्न सातारा जिल्ह्यातील शिरवळचा. तेथील कारखान्यात गोदरेज अँड बॉइस कंपनीने जर्मनीच्या जीआयझेड या संस्थेच्या सहकार्याने प्रोपेनवर चालणारे वातानुकूलक तयार केले व २०१२ साली ते बाजारात आणले. यात प्रोपेन एकटाच आहे, मिश्रण नव्हे. तथापि ज्वालाग्राही शीतक कारखान्यात सुरक्षितपणे भरणे, गळती शोधणे आणि दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांना त्याचे शिक्षण देणे, याचा अनुभव महाराष्ट्रात जमा झाला, ही गोष्ट लहान नाही.

भिवंडीत या अनुभवाची गरज अधिक आहे. गोदामे परस्परांना खेटून, आत पुठ्ठा, कापड, प्लॅस्टिक यांसारखा माल आणि आगीच्या बातम्या तर वाचकांच्या परिचयाच्याच. व्यापारी शीतकपाटांसाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय मानकात २०१९ साली बदल होऊन एका शीतचक्रात सुमारे ५०० ग्रॅमपर्यंत प्रोपेनसारखे शीतक वापरण्यास मुभा मिळाली. त्यापूर्वी ही मर्यादा १५० ग्रॅम होती. शीतकपाटाला हे पुरेल. मोठ्या शीतगोदामाला नाही. म्हणूनच प्रोपेनमध्ये कार्बन डायऑक्साइड मिसळून त्याची ज्वालाग्राहिता किती कमी होते आणि त्यासाठी विजेची किंमत किती मोजावी लागते, हा प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो. त्याचे उत्तर वर वर्णिलेल्या मोजमापांतूनच निघते. अमोनियाची मोठी यंत्रणा वेगळ्या खोलीत ठेवून गोदामात थंडी पोहोचविण्यासाठी कार्बन डायऑक्साइड वापरणे, हाही एक मार्ग आहे. तेथे दोन शीतके परस्परांत न मिसळता दोन चक्रांत काम करतात आणि कार्बन डायऑक्साइड भिवंडीच्या हवेऐवजी थंड अमोनियाच्या सान्निध्यात द्रव होतो.

मिश्रण वापरणाऱ्या कारागिराने काही पथ्ये मात्र कसोशीने पाळावयाची असतात. सिलिंडरमधून मिश्रण भरताना ते नेहमी द्रवरूपानेच काढावे. वाफेच्या रूपाने काढल्यास, वर पाहिल्याप्रमाणे, उतावळा घटक आधी बाहेर येतो. यंत्रात एक मिश्रण जाते आणि सिलिंडरमध्ये दुसरेच उरते. यंत्रातून वाफेची गळती बराच काळ होत राहिली असेल तर नुसती भर घालून भागत नाही; उरलेले शीतक काढून घेऊन ताजे मिश्रण वजन करून भरणे श्रेयस्कर. काही ठिकाणी स्वस्त पडतो म्हणून स्वयंपाकाचा गॅस शीतयंत्रात भरण्याचा उद्योग केला जातो. तोही प्रोपेन आणि ब्युटेन यांचेच मिश्रण आहे, असा त्यामागचा युक्तिवाद असतो. परंतु त्यातील घटकांचे प्रमाण निश्चित नसते, त्यात ओलावा असू शकतो आणि वास यावा म्हणून मुद्दाम मिसळलेले गंधकयुक्त मर्कॅप्टन असते. ओलावा झडपेच्या अरुंद तोंडाशी गोठून बर्फ होतो आणि शीतकाची वाट अडवितो. शीतकरणासाठी विकला जाणारा प्रोपेन साधारणतः ९९.५ टक्के शुद्ध असतो आणि त्याच्या सिलिंडरवर तसा उल्लेख असतो. खरेदीच्या वेळी तो पाहून घ्यावा.